खरेदी आषाढात करा, घडी दिवाळीला मोडा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावाबद्दल माझ्याआधीची मंडळी बोलली. मी आज कपड्यांबद्दल बोलणार आहे. हसू नका. एक क्विंटल कापसातून सरकी काढली की 34 किलोच्या आसपास रुई निघते. गिरणीतली घट सोडली तरी तेवढ्यात शंभरेक सदऱ्यांचं कापड होतं. आपण असे पाच-दहा क्विंटल पिकवतो, आणि दिवाळीला लेकरांच्या दोन सदऱ्यांसाठी दुकानदाराच्या वहीत नाव लिहून येतो. असं का होतं, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. शेतकरी खर्चिक आहे म्हणून कर्जात आहे, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. कपड्यात चार पैसे वाचवून शेती फायद्यात येत नाही. काटकसर ही भावाला पर्याय नाही. पण आपला पैसा जिथून विनाकारण गळतो, ते भोक बुजवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता माझ्याच घरचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला पाच माणसांचे कपडे घेतले. उधारीवर. बिल झालं 6,000 रुपये. त्याच दुकानात, तसाच माल एका नोकरदार गिऱ्हाइकाने रोखीत घेतला, त्याला 5,400 लागले. म्हणजे 600 रुपये उधारीचे. तीन महिन्यांची उधारी धरली तर महिना शेकडा साडेतीन रुपयांच्या वर व्याज झालं. वहीत ‘व्याज’ हा शब्द कुठेच नव्हता.

पण खरा मार पुढेच आहे. दुकानदार म्हणाला, निम्मे पैसे आठ दिवसांत द्या. पहिला वेचा घरात आलेला. परतीच्या पावसाचा आणि दवाचा ओलावा त्यात होता. तुम्हाला माहीत आहे, सीसीआयच्या केंद्रावर 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला तर गाडी परत. मग ओला कापूस कुठे जातो? दारात आलेल्या खेडा व्यापाऱ्याच्या काट्यावर. मी दोन क्विंटल घातला. वाळवून डिसेंबरात विकलेल्या कापसापेक्षा क्विंटलमागे 700 रुपये कमी मिळाले. म्हणजे 1,400 गेले.

रात्री हिशेब करत बसलो, तेव्हा घरच्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला, “कापूस विकायची घाई कशाची होती?” उत्तर होतं, कापड घ्यायची! रोखीत 5,400 चे कपडे आम्हाला 7,400 ला पडले होते.

बंधूंनो, व्यापारी आपला माल कधी घेतो? सगळ्यांच्या गाड्या एकदम येतात आणि आपल्याला पैशाची नड असते, तेव्हा. तो शहाणा आहे, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. तीच रीत आपण गिऱ्हाईक म्हणून का वापरू नये? कापड दुकानदारालाही नडीचे दिवस असतात. ते कोणते, तेवढं ओळखायचं.

पहिला काळ संक्रांतीनंतरचा. थंडी उतरली की स्वेटर, शाली, ब्लँकेट दुकानात जागा अडवून बसतात. उन्हाळ्याचा माल भरायचा असतो, म्हणून दुकानदार ते कमी भावात काढतो. हा काळ आपल्याला सोयीचा आहे, कारण वाळल्या कापसाचे पैसे तेव्हाच हातात येतात आणि रब्बी ज्वारीची रासही जवळ आलेली असते. पुढच्या हिवाळ्याचे गरम कपडे तेव्हाच घ्या. लेकरांचे एक माप मोठे घ्या.

दुसरा काळ आषाढाचा. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. लग्नसराईत भरलेल्या साड्या, पँटी, सदरे उरलेले असतात. दसरा-दिवाळीचा नवा माल यायच्या आत ते खपवायचे असतात. शिंप्याचे हातही तेव्हा मोकळे असतात.

इथे तुम्ही म्हणाल, आषाढात आमच्याकडे पैसा कुठे? पेरणी, खत, निंदण यात हात रिकामा झालेला असतो. बरोबर आहे. आषाढातला सेल पगारदारासाठी लावलेला असतो, आपल्यासाठी नाही. म्हणून त्याची सोय फेब्रुवारीतच करावी लागते. आम्ही कापसाच्या पट्टीतून 4,500 रुपये काढून बचतगटात वेगळे ठेवले. घरात ठेवले असते तर बियाण्यात गेले असते. आषाढात तेवढेच कपडे रोखीत 4,100 ला मिळाले. कुठे 7,400 आणि कुठे 4,100! आणि दिवाळीला कापूस ओला विकावा लागला नाही, तो निवांत वाळला.

भगिनींनो, हे काम तुमच्या हातून चांगलं होईल. दहा घरांनी मिळून तालुक्याला किंवा अमरावतीसारख्या ठोक बाजाराला एकदाच जा. ज्यांना शाळेचा गणवेश विकत घ्यावा लागतो त्यांनी एका रंगाचा ताकाच मागा, भाव करायला जोर येतो. मात्र हा ताका जूनच्या गर्दीआधी, मार्च-एप्रिलात घ्या.

सावधही राहा. ‘निम्म्या किमतीत’ ही पाटी पाहून भुलू नका. आधी किंमत चढवायची आणि मग सूट द्यायची, हेही चालतं. म्हणून महिनाभर आधी एकदा भाव विचारून वहीत लिहून ठेवा. सेलचा माल बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, तेव्हा उजेडात उलगडून शिवण, डाग, भोक पाहा. घरून यादी करून न्या. यादीत नाही ते स्वस्त असलं तरी महागच.

कोणी म्हणेल, सणाची मजा गेली. मुळीच नाही. कपडे पेटीत ठेवा, कडुनिंबाचा वाळला पाला घाला. लेकरांना घडी दिवाळीलाच मोडू द्या. कापड आषाढातलं आहे हे कपड्यावर लिहिलेलं नसतं. आणि त्या सकाळी बाप म्हणून आपल्याला दुकानाच्या वहीची आठवण होत नाही. तेवढ्यासाठी मी आज बोललो.

घरी गेल्यावर मागच्या दिवाळीचं कपड्यांचं बिल काढा. त्याच्या शेजारी, त्या आठवड्यात कापूस कोणत्या भावाने घातला आणि वाळल्यावर काय भाव मिळाला, ते लिहा. पुढच्या मेळाव्याला तो कागद घेऊन या. आपण सगळ्यांची बेरीज करू.