जळिताचे वण आणि दाबवस्त्रांचे अर्थकारण



आरोग्यावरील सार्वजनिक खर्चाची चर्चा बहुधा रुग्णालये, खाटा, डॉक्टर आणि औषधे यांच्या आकड्यांत होते. रुग्ण घरी गेला की हिशेब मिटला, असे त्यात गृहीत धरलेले असते. भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे गृहीतक साफ चुकीचे ठरते. त्याची जखम भरते, लावलेली त्वचा धरते, त्याला घरी सोडले जाते आणि त्यानंतर काही आठवड्यांनी दुसरे संकट सुरू होते. भरून आलेली जागा लाल होते, जाड होते, वर उचलली जाते, तिला असह्य खाज सुटते. ती कोपरावर, मानेवर किंवा बोटांवर असेल तर सांधा हळूहळू आखडतो. जीव वाचलेला असतो. पण हात विळा धरू शकत नाही.

केंद्र शासनाच्या जळीत प्रतिबंध कार्यक्रमात वापरल्या गेलेल्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे 70 लाख लोक भाजतात, सुमारे 1.4 लाख दगावतात आणि सुमारे 2.4 लाखांना कायमचे अपंगत्व येते. मृत्यूच्या आकड्याकडे सर्वांचे लक्ष जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिसऱ्या आकड्यापाशी थांबावे. त्यातील बराच मोठा भाग वणांचा आणि वणांमुळे आखडलेल्या सांध्यांचा असतो, आणि त्यातील काही भाग तरी टाळता येण्याजोगा असतो.

उंच वण कसा तयार होतो

जखम भरताना शरीर कोलॅजेन नावाचे तंतुमय प्रथिन तयार करते. साध्या जखमेत निर्मिती आणि विघटन यांचा काही काळाने समतोल साधतो. जखम खोल असेल, भरायला फार दिवस लागले असतील किंवा तिच्यावर ताण असेल, तर निर्मिती चालूच राहते आणि तंतू गाठीगाठींनी साचतात. दोन आठवड्यांत भरलेली भाजल्याची जखम सहसा मोठा वण ठेवत नाही. तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला की धोका झपाट्याने वाढतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेत तो गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो, म्हणजेच भारतीय रुग्णांसाठी हा प्रश्न मुळातच मोठा आहे.

या उंच वणांचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. हायपरट्रॉफिक वण मूळ जखमेच्या सीमेतच राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत काही प्रमाणात आपोआप मवाळ होतो. केलॉइड मात्र सीमा ओलांडून निरोगी त्वचेत पसरतो आणि कापून काढला तरी अनेकदा पुन्हा येतो. खेकड्याच्या नांगीसारखा पसरतो म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अलिबेर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिले. कान टोचल्यानंतर पाळीवर येणारी गाठ हे त्याचे आपल्याकडील परिचित उदाहरण. ती काढल्यानंतर पाळीवर दाब देणारा चिमटा महिनोन्‌महिने लावण्याची पद्धत आहे. भाजल्यानंतरच्या वणांत पहिला प्रकार अधिक आढळतो आणि दाबाचा उपचार प्रामुख्याने त्याच्यासाठीच विकसित झाला.

दाबाचे शास्त्र

अमेरिकेत टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन येथे श्रायनर्स संस्थेचे मुलांसाठीचे जळीत रुग्णालय आहे. रक्तवाहिन्यांच्या विकारासाठी घट्ट मोजा घातलेल्या पायावरील जळिताचा वण सपाट झाल्याचे तेथील शल्यचिकित्सकांच्या लक्षात आले. या निरीक्षणाचा पाठपुरावा करून लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 च्या सुमारास दाबाच्या उपचाराची पद्धतशीर मांडणी केली. त्यानंतर मापानुसार शिवलेली ताणक्षम वस्त्रे, म्हणजे प्रेशर गारमेंट, जगभरच्या जळीत विभागांत रूढ झाली.

वस्त्राचा दाब साधारण 25 मिलिमीटर पारा, म्हणजे केशवाहिन्यांतील दाबाच्या जवळपास असावा, असा संकेत आहे. त्यामुळे वणातील रक्तपुरवठा आणि सूज कमी होते आणि नव्या कोलॅजेनची निर्मिती मंदावते, असे मानले जाते. वस्त्र दिवसाचे 23 तास घालायचे. अंघोळ आणि मालिश यांपुरतेच काढायचे. असे सहा महिने ते दीड वर्ष, म्हणजे वण फिका, मऊ आणि सपाट होईपर्यंत. दाब 40 मिलिमीटरच्या वर गेला तर मुंग्या येतात, कातडी ओलसर होऊन फाटते. लहान मुलांच्या जबड्यावर दीर्घकाळ दाब राहिला तर हाडांच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो.

हे वस्त्र शिवणे वाटते तितके सोपे नाही. अवयवाच्या घेरापेक्षा कापड साधारण 10 ते 20 टक्के कमी मापाचे कापले जाते. पण लाप्लासच्या नियमानुसार सारख्याच ताणाचे कापड कमी त्रिज्येच्या गोलाईवर अधिक दाब देते. परिणामी मनगटावर ते आवळते, पाठीवर मात्र नुसतेच पडून राहते. तळहाताचा खोलगट भाग, मानेची बाजू, दोन बोटांमधली जागा येथे कापड त्वचेला टेकतच नाही. तेथे आतून फोमचा किंवा सिलिकॉनचा तुकडा बसवावा लागतो. भौतिकशास्त्राचा पाठ्यपुस्तकी नियम शिंप्याच्या टेबलावर असा कामाला येतो. कापडही सदोदित ताणलेले असल्याने दोन-तीन महिन्यांत सैल पडते आणि नवे शिवावे लागते.

उपचाराच्या परिणामकारकतेबद्दल प्रामाणिक असले पाहिजे. उपलब्ध चाचण्यांच्या 2009 मधील एकत्रित विश्लेषणात वणाची उंची थोडी कमी होण्यापलीकडे ठोस फायदा दिसला नव्हता. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा वर्षांच्या अमेरिकन अभ्यासात एकाच जखमेच्या एका भागावर पुरेसा आणि दुसऱ्या भागावर कमी दाब देऊन तुलना केली गेली. पुरेशा दाबाखालील वण अधिक मऊ, पातळ आणि दिसायला बरा ठरला. मात्र हा फरक मध्यम व तीव्र वणांतच लक्षात येण्याजोगा होता. तेव्हा सरसकट प्रत्येक भाजलेल्याला वस्त्र देणे हा अपव्यय ठरेल आणि कोणालाच न देणे ही उपेक्षा. निवड कोणाची करायची, हा खरा प्रश्न आहे.

पिरियापट्टणचा हिशेब

हा प्रश्न मोठ्या शहरातून नीट दिसत नाही. म्हणून कर्नाटकातील मैसूरु जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा पिरियापट्टण तालुका डोळ्यांसमोर ठेवू. कोडगूच्या सीमेला लागून असलेला हा भाग व्हर्जिनिया तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. तंबाखू मंडळाची लिलाव केंद्रे येथे आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला निपाणीची तंबाखू ठाऊक असते, पण ती बिडीची, उन्हात वाळवलेली. पिरियापट्टणची पाने बंद कोठीत, नळांमधून फिरवलेल्या उष्णतेने पाच-सात दिवस पक्की केली जातात. या कोठीला तिकडे ‘बॅरन’ म्हणतात. बाहेर भट्टीत लाकडे जळतात, आतले तापमान टप्प्याटप्प्याने 70 अंश सेल्सिअसच्या आसपास नेले जाते आणि वर काठ्यांना बांधलेल्या पानांच्या रांगा टांगलेल्या असतात. वाळलेले पान सुटून तापलेल्या नळावर पडले, तर कोठी पेट घेऊ शकते. भट्टी रात्रंदिवस राखावी लागते आणि हे काम बहुतेक घरचीच माणसे करतात. याशिवाय चूल, उकळते पाणी आणि दिवा हे धोके भारतातल्या इतर कोणत्याही खेड्याप्रमाणे येथेही आहेतच.

समजा, अशा एका कुटुंबातील स्त्रीचा हात आणि मान भाजली. तालुका रुग्णालयात प्रथमोपचार झाले, पुढे मैसूरुला त्वचारोपण झाले आणि ती घरी आली. मैसूरु येथून सुमारे 70 किलोमीटर. वस्त्राचे माप, तपासणी आणि व्यायाम यांसाठी महिन्याला एक फेरी धरली, तर वर्षात बारा फेऱ्या आणि सुमारे 1,680 किलोमीटरचा प्रवास होतो. ती एकटी जाऊ शकत नाही. सोबतीला कोणी तरी लागते. म्हणजे दोन माणसांचे मिळून 24 कामाचे दिवस. एक वस्त्र अंगावर आणि एक धुण्यात, दर तीन महिन्यांनी नवी जोडी, या हिशेबाने वर्षाला आठ वस्त्रे. आणि हे सर्व पावसाळ्यात, जेव्हा पाने खुडणे आणि बॅरन पेटवणे एकाच वेळी चालू असते.

अर्थशास्त्रात याला संधिव्यय म्हणतात. मजुरी बुडणे, पीक हातचे जाणे हा खर्च रुग्णालयाच्या बिलात कोठेच दिसत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट महत्त्वाची आहे. परंतु बुडालेली मजुरी या आकड्यात मोजली जात नाही.

दुसरी अडचण काळाच्या पसंतीची. वस्त्राचा त्रास आज, प्रत्येक तासाला जाणवतो: उकाडा, घाम, खाज, शेजाऱ्यांच्या नजरा. फायदा मात्र वर्षाने मिळतो, आणि तोही ‘वण वाढला नाही’ अशा अदृश्य रूपात. ज्या घटनेचा लाभ न घडण्यात आहे, तिचे श्रेय कोणी देत नाही. रुग्ण वस्त्र काढून ठेवतो, त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी बसून हिशेब केला तर तो निर्णय बऱ्याचदा तर्कसंगतच निघतो.

विमा कशाचे पैसे देतो

सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत-प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत जळिताचे उपचार समाविष्ट आहेत. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि रुग्णालयातून सुटल्यानंतरचा 15 दिवसांपर्यंतचा खर्च त्यात येतो. ज्या उपचाराची गरजच सुटीनंतर सुरू होते आणि वर्षभर टिकते, त्याच्यासमोर 15 दिवस ठेवून पाहावेत. याहून बोलकी बाब योजनेच्या आरंभीच्या उपचारसूचीत होती. तीत स्प्लिंट, प्रेशर गारमेंट, सिलिकॉनची पट्टी आणि भौतिकोपचार यांचा नावानिशी उल्लेख होता. पण तो आखडलेला सांधा मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये. ज्या वस्त्राने हे आखडणे काही प्रमाणात रोखता आले असते, ते सांधा आखडून शस्त्रक्रिया झाल्यानंतरच्या हिशेबात आले होते.

यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. विमा घटनेला पैसे देतो. शस्त्रक्रिया ही घटना आहे. तिची तारीख असते, छायाचित्र असते, दर असतो. वर्षभर कापड घालून राहणे ही घटना नव्हे. क्षयरोगाच्या दीर्घ उपचारासाठी देशाने गावपातळीवर पाठपुराव्याची यंत्रणा उभारली, कारण तेथे अर्धवट उपचाराचा धोका इतरांनाही असतो. वणाचा धोका एकट्या रुग्णाला असतो, म्हणून त्याच्यासाठी तशी निकड कोणाला वाटली नाही.

कायद्यातही अशीच एक फट आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत आम्लहल्ल्याच्या पीडितांचा स्वतंत्र उल्लेख झाला, तो योग्यच होता. चूल, स्टोव्ह किंवा भट्टीने भाजलेल्यांसाठी तसा प्रकार नाही. त्यांना आखडलेल्या अवयवाच्या आधारे चलनवलनाच्या दिव्यांगत्वाचे मोजमाप करून घ्यावे लागते.

तालुक्यात काय करता येईल

जळीत उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. बाराव्या योजनेत 67 वैद्यकीय महाविद्यालये आणि 19 जिल्हा रुग्णालये यांत जळीत विभाग उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 2000 मध्ये त्वचापेढी सुरू झाली; नवी मुंबईत ऐरोली येथे राष्ट्रीय जळीत केंद्र आहे. जीव वाचवण्याची क्षमता अशी वाढत आहे. जितके अधिक लोक वाचतील, तितके अधिक वण उपचार मागतील, हे ओघाने आलेच.

या मागणीला महागड्या आयातीची आवश्यकता नाही. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. मनोहर केसवानी यांनी 1985 मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालीचे मलमपट्टीसाठी केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. गरीब देशाची जळीतचिकित्सा साध्या साधनांवर उभी राहू शकते, हा त्यामागचा विचार. दाबवस्त्रालाही ताणक्षम कापड, शिलाई यंत्र, मापाची पट्टी आणि प्रशिक्षित हात एवढेच लागते. तालुका रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस माप घेणारा भौतिकोपचारतज्ज्ञ आणि गावातलाच प्रशिक्षित शिंपी असेल, तर वर नमूद केलेल्या बारा फेऱ्यांपैकी बहुतेक फेऱ्या वाचतील. कापडाचा खर्च तेवढाच राहील. कमी होईल तो संधिव्यय, आणि वस्त्र अर्ध्यात सोडण्याचे मोठे कारण तोच आहे.

निवडीचा प्रश्नही येथेच सुटू शकतो. जखम पूर्ण भरायला किती दिवस लागले आणि ती सांध्यावर आहे की नाही, या दोन गोष्टी परिचारिकेला सहज नोंदवता येतात. 21 दिवसांहून अधिक काळ लागलेली किंवा सांधा ओलांडणारी जखम असलेल्यांनाच माप घ्यायला बोलवायचे. बाकीच्यांना तेलाची मालिश, व्यायाम आणि महिन्याने एकदा तपासणी पुरे. भरण्याचा दिवस बहुधा सुटीनंतर, घरीच उजाडतो. त्यामुळे ही नोंद मैसूरुच्या सुटीच्या कागदावर होऊ शकणार नाही. ती गावात मलमपट्टी बदलणाऱ्या परिचारिकेच्या वहीतच करावी लागेल.