आज्ञापालनातला आनंद



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही 'आज्ञापालनातला आनंद' असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्यांचे आश्चर्य रास्त होते. ज्याने उमेदीची सारी वर्षे मालकांचे हुकूम मोडायला शिकविण्यात घालविली, त्यानेच आज्ञापालनाची थोरवी सांगावी, आणि तीही ख्रिस्ती धर्माच्या आधाराने, हे विपरीत दिसते खरे. आम्ही ख्रिस्ती नाही. शाळेचे म्हणाल, तर आम्ही सातवीतच तिचा निरोप घेतला. पुढचे वाचन झाले ते रात्रपाळीच्या सुटीत आणि संपाच्या मंडपात. तेव्हा धर्मशास्त्राची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. आमच्याच एका चुकीने आम्हांला तिकडे वळविले. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी चाकणच्या वाटेवरील एका कारखान्यात आमच्या युनियनने संप केला होता. एकोणिसाव्या दिवशी व्यवस्थापनाचे पत्र आले. मागितलेल्या वाढीपैकी निम्मी आता देतो, उरलेल्याची बोलणी कामावर आल्यावर करू, असा त्यातला मजकूर. आम्हांला वाटले, हे पत्र वाचून दाखविले तर माणसे ढिली पडतील. म्हणून ते खिशात घातले आणि द्वारसभेत एवढेच सांगितले, "आमच्यावर विश्वास ठेवा आणि घट्ट राहा." माणसांनी विश्वास ठेवला. एक माणूस हलला नाही. आम्हांला त्या शिस्तीचा केवढा अभिमान वाटला! पण एक्केचाळिसाव्या दिवशी संप मोडला. पदरात काही पडले नाही, आणि अकराजणांची नोकरी मात्र गेली.

त्या अकरांत आपल्या दापोडीतला एक टर्नर होता. घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. खिशातल्या पत्राची गोष्ट पुढे बाहेर फुटली, तेव्हा आम्ही त्याच्या घरी क्षमा मागायला गेलो. तो एका लहानशा वर्कशॉपात रोजंदारीवर लेथ चालवीत होता. त्याने शिवी दिली नाही. चहा पुढे केला आणि म्हणाला, "दादा, पत्र वाचून दाखवलं असतंत, तरी मी कदाचित संपावरच राहिलो असतो. पण मग तो संप माझा झाला असता."

या वाक्याने आमची झोप उडविली. उठताना आम्ही त्याला विचारले, "तुमच्या धर्मात तर आज्ञापालनाला मोठा मान आहे. मग तुला हुकूम का बोचतो?" त्याने नव्या कराराचे पुस्तक काढून योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडून दिला आणि "घरी नेऊन वाचा" म्हणाला.

त्या अध्यायात येशूची शेवटची रात्र आहे. तो शिष्यांना आपल्या आज्ञा पाळायला सांगतो. लगेच म्हणतो की तुमचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून हे सांगतो आहे. आणि थोडे पुढे गेल्यावर म्हणतो की आता तुम्ही माझे दास नाही, मित्र आहा. कारण काय? तर धन्याच्या मनात काय आहे हे दासाला कळत नसते; मी मात्र पित्याकडून जे ऐकले ते सारे तुमच्यापुढे ठेवले आहे. आज्ञा, आनंद आणि मैत्री ही तिन्ही तेथे एका दमात येतात. बंधूंनो, आम्ही हे वाचले आणि खिशातले ते पत्र आठवले. ज्यांना आम्ही रोज 'मित्रहो' म्हणून हाक मारीत होतो, त्यांना आम्ही दासांप्रमाणे वागविले होते.

पुढे एका रविवारी त्या टर्नरबरोबर आम्ही केडगावला गेलो. येथून पुण्याला आणि तेथून दौंडच्या गाडीने केडगाव. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे आणि त्याचे काम आजही चालू आहे. रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पण आज्ञापालनाच्या प्रश्नाशी ही बाई किती झुंजली, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते.

1858 मध्ये जन्मलेली ही शास्त्र्याची मुलगी. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकविण्याचे धाडस केले, आणि आईने मुलीला शिकविले. पुढे दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. उपासतापास आणि व्रते सांगितल्याबरहुकूम केली होती. देवाने ऐकले नाही. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. 1880 मध्ये लग्न झाले, 1882 मध्ये पती वारले, पदरी एक मुलगी. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे गोष्ट संपती, तर ती फक्त धर्मांतराची गोष्ट झाली असती. पण खरा झगडा पुढेच आहे. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. ज्यांनी त्यांना धर्मात आणले त्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटे की या बाईत नम्रता कमी आहे, तिने वडीलधाऱ्यांचे मुकाट ऐकावे. 1885 च्या पत्रांतून रमाबाईंनी दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा: मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरविले आहे; आता तसलेच दुसरे, केवळ ते ख्रिस्ती आहे म्हणून, मी घेणार नाही. देवाची आज्ञा मानीन. पण ती कोणती हे माझ्या सदसद्विवेकाला पटले पाहिजे.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला जू काय असते ते सांगायला नको. बसते जू असले तर बैल दिवसभर ओढतो. बेताचे नसले तर खांदेसूज येते, मग चाबूक मारून उपयोग नाही. येशू सुताराच्या घरात वाढलेला. तो माझे जू सोयीचे आहे असे सांगतो, तेव्हा जूच नाही असे म्हणत नाही. ओझे आहे, ओढायचे आहे. पण ते खांद्याला बसते आहे.

रमाबाईंना हा आनंद बाप्तिस्म्याबरोबर मिळाला नाही, हे त्यांनीच 1907 साली लिहून ठेवले आहे. ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त मात्र भेटला नव्हता, अशी त्यांची कबुली आहे. समाधान लाभले ते 1891 च्या सुमारास. आणि या समाधानाने त्यांना स्वस्थ बसविले नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलेच होते. ते पुढे पुण्यास आले. 1893 मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून मोठे वादळ उठले, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेकांनी मुली काढून नेल्या. 1896-97 च्या दुष्काळात या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. केडगावच्या माळावर शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. दुष्काळात आपले माणूस गमावलेल्या बाईला दुष्काळातल्या मुली आणाव्या असे वाटले, त्याला कोणाचा हुकूम लागला नाही.

आता एक अवघड प्रश्न. तो आम्ही टाळला तर आमचेच कामगार आम्हांला विचारतील. भुकेने मरणाऱ्या पोरीला अन्न दिले आणि तिने धर्म घेतला, तर तिच्या होकाराला मोकळा होकार म्हणावे काय? पोटाची आग आणि मनाची संमती यांतले अंतर आम्ही संपांत पाहिले आहे. सावकाराच्या दारात निघालेल्या 'हो'ला आम्ही संमती म्हणत नाही. म्हणून या प्रश्नावर आम्ही रमाबाईंची वकिली करणार नाही. पण त्यांनी पुढे जे केले ते सांगतो. त्यांनी त्या मुलींना वाचायला शिकविले. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत सारे बायबल नव्याने उतरविण्यास बसल्या. त्याचे खिळे जुळविले आणि पाने छापली ती मुक्तीतल्याच बायकांनी. कानांनी ऐकू येईनासे झाले, 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तरी काम सोडले नाही. ते हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी डोळे मिटले. ज्या आज्ञेपुढे वाकायचे ती प्रत्येकीला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावी, एवढ्यासाठी एका बाईने अखेरची वर्षे वेचली.

आमच्या भाषेत सांगायचे, तर त्यांनी पत्र खिशात ठेवले नाही. द्वारसभेत वाचून दाखविले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही असेच. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, मिशनची चाकरी केली; पण 1917 मध्ये ती पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. पगार गेला आणि कविता मोकळी झाली. चाकरी आणि सेवा यांतला फरक याहून निराळा काय असणार?

आम्ही आस्तिक झालो का, असे काहीजण थट्टेने विचारतात. झालो नाही. पण त्या दिवसापासून आमच्या युनियनमध्ये एक नियम केला आहे. व्यवस्थापनाचे कोणतेही पत्र येवो, गोड असो की कडू, ते आधी दारात मोठ्याने वाचायचे, प्रश्न घ्यायचे, मग हात वर करायला सांगायचे. या नियमामुळे एकदा आमच्या मताविरुद्ध निर्णय झाला. आम्हांला संप हवा होता, माणसांना तडजोड. आम्ही मुकाट्याने सही केली. आणि खरे सांगतो, घरी जाताना मन जितके हलके होते तितके कोणत्याही विजयाच्या मिरवणुकीत झाले नव्हते. आज्ञा पाळण्यात आनंद असतो हे तेव्हा आम्हांला प्रथम कळले, कारण ती आज्ञा आमच्यावर लादलेली नव्हती. आम्हीच मान्य केलेल्या नियमातून ती निघाली होती.

आपली ही दापोडी भोंग्यावर उठणारी आहे. एस. टी. ची कार्यशाळा असो, शेजारची खडकी असो की पिंपरी, आपला दिवस हुकुमाने सुरू होतो. घरी गेल्यावर आपणही मुलांना, सुनांना हुकूमच सोडतो. उद्या असा हुकूम तोंडातून निघेल तेव्हा क्षणभर थांबा आणि विचारा, याचे कारण मी समोरच्याला सांगितले आहे का? ते सांगण्याइतका त्याला मित्र मानले आहे का?

तो टर्नर आज सभेत मागच्या रांगेत बसला आहे. नाव घेऊ नका, असे त्याने बजावले आहे. ही आज्ञा आम्ही आनंदाने पाळतो, आणि आपली रजा घेतो.