अंगणातली ईद

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आमच्या रत्नागिरीतही थाळ्या वाजल्या. माझी भाची परिचारिका. पुढं तिची स्कूटर गल्लीत शिरली की थाळ्या वाजवलेल्या काही खिडक्या मिटू लागल्या. मला राग येई. पण खरं सांगायचं तर बिचकत मीही होतो.

२५ एप्रिलला रमजान लागला. पीपीई किट चढवल्यावर तासन्‌तास पाण्याचा घोट नाही. ‘‘मामू, वॉर्डात आम्हा सगळ्यांचाच रोजा,’’ ती फोनवर हसली. मग हळूच म्हणाली, ‘‘स्वतःची नाही, अम्मीच्या दम्याची भीती वाटते.’’

२५ मेला ईद. अम्मीनं शिरखुर्म्याची वाटी पायरीवर ठेवली, मागं सरली. लेकीनं अंगणात उभ्यानंच ती संपवली, नळाखाली घासली आणि ड्यूटीवर निघाली.