बालशिक्षिकेच्या पाठीशी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या बक्षीससमारंभात शालान्त परीक्षेतील गुणवंतांचा गौरव दरवर्षी मोठ्या हौसेने होतो. त्याच मुलांना वयाच्या चौथ्या वर्षी ज्या बाईंनी रंग ओळखावयास आणि चारचौघांत बोलावयास शिकविले, त्यांचे नाव मात्र कोणास आठवत नाही.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. आणि मुलांबरोबर शिक्षिकाही घडविल्या पाहिजेत, हे तेथे ओळखले गेले.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी देशभर पोहोचली. परंतु वजने, आहार, नोंदी आणि गृहभेटी यांतून सेविकेस शिकविण्याला सवड थोडीच उरते. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. (या शब्दात मान पुढे आणि धन मागे, व्यवहारात दोन्ही बेताचेच!) एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीस पात्र ठरविले आणि त्यांचे पूर्वप्राथमिक शिकविणे हे शैक्षणिक कार्यच होय, असे मानले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा व इतरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला आहे. तो दूरशिक्षणाने व्हावा, मात्र महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग भरावा, असे त्यात म्हटले आहे. नेमणूक महिला व बालविकास खात्याची, प्रशिक्षणाचा भार शिक्षण खात्यावर, आणि मुले अखेर जातात ती शेजारच्या शाळेत. या तिघांनी एकत्र बसावे तरी कोठे?

आपले ज्ञातिगृह लग्नसराई सोडली तर रिकामेच असते. हा मासिक वर्ग तेथे विनाभाडे भरू द्यावा. शिष्यवृत्तिनिधीतून सेविकांचा प्रवासखर्च द्यावा. शेजारच्या शाळांच्या मुख्याध्यापकांनाही त्या दिवशी बोलवावे. सेविका कोणत्या ज्ञातीची, हे विचारू नये. ज्ञातीचा पैसा ज्ञातीबाहेर का, असे काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले. आपली मुले ज्यांच्या हाताखाली बसतात, त्या बाई आपल्याच ज्ञातीच्या असतात असे कोठे आहे?

तसा ठराव मी कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्याचा निर्णय व्हावा, इतकीच विनंती.