व्यसनमुक्तीसाठी बोलण्याचा उपचार

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



 

व्यसनमुक्तीवरचे भाषण म्हटले की वक्ता दारूचे दुष्परिणाम सांगणार हे ठरलेलेच असते. यकृत कसे सडते, संसार कसा धुळीला मिळतो, वगैरे. न पिणारे श्रोते टाळ्या वाजवतात आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो एक तर शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलेला असतो किंवा आलेलाच नसतो. दारूचे दुष्परिणाम पिणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतात. म्हणून ती यादी आज आम्ही वाचणार नाही. त्याऐवजी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका कार्यकर्त्याने १४ एप्रिलच्या कार्यक्रमात व्यासपीठावर येऊन दारू सोडण्याची शपथ घेतली. आम्ही हार घातला, फोटो काढला. माणूस कामाचा होता, विहाराच्या बांधकामात त्याने स्वतः विटा वाहिल्या होत्या. तीन महिने बरे गेले. आषाढ पौर्णिमेला तो झोकांड्या खात विहाराच्या पायरीवर आला. दुसऱ्याच आठवड्यात कार्यकारिणीची सभा बोलावून आम्ही त्याचे नाव कमी केले आणि फलकावरूनही पुसले. ठराव एकमताने मंजूर झाला. पंधरा दिवसांनी त्याची पत्नी आली. ती रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, ह्यांना शपथ दिलीत, हार घातलात. त्यानंतर एकदा तरी घरी येऊन विचारलंत का, कसं चाललंय म्हणून?"

नव्हते विचारले. त्या तीन महिन्यांत त्याला रात्र-रात्र झोप नव्हती, पगाराच्या दिवशी तो गुत्त्याची गल्ली टाळण्यासाठी दोन मैलांचा वळसा घेऊन घरी येत होता, आणि हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. सांगणार कोणाला? आम्ही त्याला विजयी वीर करून ठेवले होते. वीराने आपली भीती कोठे बोलून दाखवावी?

शपथेचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. पंचशीलातील पाचवे शील मद्यपानापासून अलिप्त राहण्याचे आहे आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण शपथ घ्यायला एक मिनिट पुरते. ती पाळायची असते रोज संध्याकाळी, पुष्कळदा एकट्याने.

येथे एक सावधानतेची सूचना. जो माणूस वर्षानुवर्षे रोज पितो त्याने एकाएकी दारू बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, घाम, भास, फिट असा त्रास होऊ शकतो आणि क्वचित त्यात जीवही जातो. अशा वेळी आधी डॉक्टर, मग बाकीचे. शरीरातून दारू उतरवण्याचे काम दवाखाना साधारण आठवडा-दहा दिवसांत करतो. पण पिण्याचे कारण तसेच मनात बसून राहते, ते सलाइनने निघत नाही. बोलण्याचा उपचार सुरू होतो तो तेथून.

हा उपचार म्हणजे उपदेश नव्हे. उपदेश करणारा बोलतो आणि रुग्ण ऐकतो. येथे रुग्ण बोलतो आणि समुपदेशक ऐकतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली याविषयी एक लेख लिहिला आणि पुढे १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यावर ग्रंथ सिद्ध केला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : पिणाऱ्याच्या मनात दोन माणसे असतात, एक सोडू म्हणणारा आणि एक राहू दे म्हणणारा. आपण बाहेरून "सोड, सोड" म्हणू लागलो की तो नेमकी दुसऱ्याची बाजू घेऊन आपल्याशी वाद घालतो. वाद घालता घालता त्याला ती बाजू स्वतःलाच पटत जाते. घरोघरी हेच चाललेले असते. म्हणून जाणकार समुपदेशक प्रथम विचारतो, "प्यायल्यावर बरे काय वाटते?" हा प्रश्न ऐकून नातेवाईक चकित होतात. पण उत्तर खरे मिळते. कोणी म्हणतो, अंगदुखी थांबते. कोणी म्हणतो, साहेबाने केलेला अपमान विसरायला होतो. गटाराची सफाई करणारा म्हणतो, त्या वासात शुद्धीवर राहून उतरणार कसे? मग दुसरा प्रश्न येतो : "आणि काय गमावले?" त्याचे उत्तर तो स्वतःच्या तोंडाने देतो. स्वतःच्या तोंडचे कारण स्वतःला खोडता येत नाही.

एका व्यसनी माणसाने दुसऱ्याशी बोलावे, ही कल्पना त्याहून जुनी आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरदलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतील अॅक्रन या गावी आला होता. काम फिसकटले. काही महिन्यांपूर्वी सुटलेली दारू पुन्हा खुणावू लागली. त्याने हॉटेलातून फोन करून करून एक दुसरा दारुडा शोधून काढला. तो निघाला गावातील शल्यचिकित्सक, डॉ. बॉब स्मिथ. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले, कारण आलेला माणूस त्यांना सुधारायला आला नव्हता, तो आपलीच कहाणी सांगत होता. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. आज आपल्याकडेही तिच्या मीटिंगा होतात. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. जातीच्या चौकशीने पोळलेल्या आपल्या माणसाला आडनाव न विचारणारी खोली केवढी वाटत असेल!

त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. २२ प्रतिज्ञा घेतलेल्यांना तो खटकणे स्वाभाविक आहे, आम्हालाही खटकला. पण ईश्वर म्हणजे काय हे ज्याने त्याने ठरवावे अशी तेथे मुभा आहे आणि कित्येक जण त्या जागी आपला गटच मानतात. आपण संघाला शरण जातो, तेव्हा हे समजायला आपल्याला अवघड जाऊ नये. अमेरिकेत २०१९ पासून 'रिकव्हरी धर्म' नावाचे गट चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग यांच्या आधारे हेच काम करीत आहेत.

आता घसरण्याविषयी. सुटलेली दारू पुन्हा तोंडाला लागणे ही फार मोठ्या संख्येने घडणारी गोष्ट आहे. अॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला. त्यांच्या मते एक पेला पिणे आणि पुन्हा व्यसनात बुडणे यांच्यामध्ये बरेच अंतर असते. ते अंतर एका झटक्यात तुटते ते "आता सगळे संपलेच" या विचाराने. म्हणून समुपदेशनात आधीच बसून धोक्याच्या जागा शोधतात : पगाराचा दिवस, हळदीची रात्र, मयतीहून परतताना होणारा आग्रह, सासुरवाडीचा पाहुणचार, रिकामी दुपार. प्रत्येक जागेसाठी काय बोलायचे, कोणाला फोन करायचा, हे ठरवून आणि म्हणून पाहतात, नाटकाची तालीम करावी तसे. मार्लाट हे विपश्यनेचे अभ्यासक होते. तलफ ही लाटेसारखी चढते आणि न पिताही ओसरते, तिच्याकडे नुसते पाहत राहावे, हे त्यांनी रुग्णांना शिकवले. सिएटलच्या तुरुंगात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांची शिबिरे झाली, तेव्हा त्यांच्या चमूने तेथील कैद्यांचा अभ्यास केला आणि शिबिरात बसलेल्यांचे व्यसन सुटकेनंतर इतरांपेक्षा कमी राहिल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध केले. इगतपुरीहून निघालेली ही विद्या तेथवर पोचली. अनित्यतेचा अनुभव तलफेलाही लागू पडतो, ही गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो, पण तिचा असा उपयोग करून पाहत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कोठून? रास्त शंका. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांसाठी तज्ज्ञ पुरणार नाहीत, हे उघड आहे.

याचे उत्तर आपल्या शेजारी गोव्यात सापडले. तेथील 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष त्यात होते. समुपदेशन करणारे कोणी डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. त्याच भागातील साधी माणसे होती. त्यांना वर्गात शिकवले, देखरेखीखाली सराव करून घेतला. आपल्या बैठकांची ध्वनिमुद्रणे ते गटात ऐकत आणि एकमेकांना गुण देत. प्रत्येक रुग्णाशी जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा मागील चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण बोलण्याचा उपचार मिळालेल्यांत ४२ टक्के होते, इतरांत १८ टक्के. पिणे धोक्याच्या पातळीखाली आलेले ३६ टक्के, इतरांत २६ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ मध्ये हे छापले.

आकडे नीट ऐका. सगळे सुधारले असे कोणी म्हटलेले नाही, आणि पूर्णपणे दारूच्या आहारी गेलेल्यांसाठी हा प्रयोग नव्हता. त्यांना डॉक्टर, औषधे, कधी भरती हे लागतेच. पण विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांना हे काम शिकता येण्यासारखे आहे. डिग्रीची वाट पाहण्याचे कारण नाही.

पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. तेथून बरे झालेले रुग्णच पुढे नव्या रुग्णांना सांभाळू लागले. घरच्यांशी बोलणे हाही उपचाराचाच भाग असतो, हे अशा कामातून आपल्याकडे लोकांना कळले. ही बाजू आपल्या समाजात फार दुर्लक्षित आहे. नवरा पितो आणि बायको त्याच्या कामावर निरोप पाठवते, "ताप आलाय." उधारी फेडते, मार झाकते, मुलांना गप्प करते. तिलाही कोठे तरी बोलता आले पाहिजे. नाहीतर ती वर्तमानपत्रातली 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात पाहून डाळीत गोळी मिसळते. बायांनो, हे कृपा करून करू नका. अशा गोळ्यांत पुष्कळदा असे औषध असते की वर दारू पडली तर जिवावर बेतते. ते घ्यायचे तर त्याला सांगून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आता आमच्या त्या ठरावाकडे परत येतो. विनयपिटकात सागत स्थविरांची कथा आहे. सागतांनी एका भयंकर नागाला वश केले म्हणून कोसंबीच्या लोकांनी कौतुकाने घरोघरी त्यांना मद्य दिले. परिणाम असा झाला की ते नगराच्या वेशीत कोसळले. भगवान भिक्षूंसह त्या वाटेने निघाले होते. त्यांनी पाहिले आणि भिक्षूंना सांगितले, याला उचला. त्यांना विहारात आणले, भगवंतांकडे डोके करून निजवले. नशेत ते उलटे फिरले आणि त्यांचे पाय भगवंतांकडे झाले. त्यानंतर मद्यपानाविषयीचा नियम घालून देण्यात आला. तो कोणत्या वर्गात आला, हे पाहण्यासारखे आहे. ज्या चार दोषांनी भिक्षू संघाबाहेर जातो, त्या पाराजिकांत मद्यपान नाही. ते पाचित्तियात आहे, म्हणजे सहभिक्षूजवळ बोलून कबूल केल्याने ज्याची शुद्धी होते अशा दोषांत. सागत संघातच राहिले आणि पुढे अग्रश्रावकांच्या नामावलीत त्यांचे नाव तेजोधातूत निपुण म्हणून आले.

आम्ही हे कितीदा वाचले असेल! तरी आमचा कार्यकर्ता पायरीवर पडला तेव्हा आम्ही त्याला उचलले नाही, नाव पुसले. उपोसथाला भिक्षू आपले दोष सांगत आणि वर्षावासाच्या शेवटी पवारणेत एकमेकांना म्हणत, माझे काही चुकले असल्यास सांगा. बोलण्याची ही रीत आपल्या घरचीच आहे.

त्या ताईंच्या बोलण्यानंतर आम्ही दोघे जण त्यांच्या घरी गेलो. पहिल्या दिवशी तो बोलला नाही, चहा पुढे करून बसला. दुसऱ्या वेळी क्रिकेटवर बोलला. चौथ्या भेटीत त्याने त्या वळशाच्या रस्त्याविषयी सांगितले. ठराव रद्द झाला, त्याला वेळ लागला, दोन सभासदांनी विरोध नोंदवला, तो इतिवृत्तात आहे. तो पुढे दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा त्याने स्वतः येऊन सांगितले. ते गृहस्थ आज या सभागृहात आहेत की नाहीत, हे आम्ही सांगणार नाही. आपणही शोधू नये.

येत्या रविवारपासून सायंकाळी सहा ते साडेसात विहारामागची वाचनालयाची खोली या कामासाठी उघडी राहील. आडनाव विचारले जाणार नाही, हजेरीपट ठेवला जाणार नाही, व्याख्यान होणार नाही. ऐकलेले बाहेर सांगणाऱ्याला पुन्हा आत घेतले जाणार नाही, एवढा एकच कडक नियम. महिलांसाठी दर बुधवारी दुपारी वेगळी बैठक आहे. ज्याला भरतीची गरज असेल त्याच्यासोबत आमच्यापैकी एक जण जाईल. कोणतेही केंद्र निवडण्यापूर्वी आम्ही ते स्वतः पाहून येतो, कारण काही ठिकाणी उपचाराच्या नावाखाली माणसाला नुसते डांबून ठेवतात. रात्री-अपरात्री ज्यांना कोणी सापडत नाही त्यांच्यासाठी सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४४६. तो फलकावर लिहिला आहे, जेथून आम्ही ते नाव पुसले होते त्याच ठिकाणी.

जयभीम. नमो बुद्धाय.