चढाचा गिअर, उताराचा गिअर

मी कविता लिहितो, हे आमच्या घरात कुणी फारसं मनावर घेत नाही. अब्बा ट्रक ड्रायव्हर, थोरले भाईजानही ड्रायव्हर. बी.ए. झालेला मी एकटाच. त्यामुळे कर्जाचे आणि गाडीचे कागद सांभाळणं माझ्याकडे.

१९९६ साली भाईजाननी कर्ज काढून जुनी १२१० घेतली. टाटाच्या या नावातच गाडीची कुंडली असे. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट वजन १२ टन. पुढचे १० म्हणजे शंभर हॉर्सपॉवर. सपाट रस्त्याला गाडी गुणी. पण पुण्याहून लोखंड भरून साताऱ्याकडे निघाली, की खंबाटकी घाटात दुसऱ्या गिअरवर रांगायची.

भाईजाननी आधी स्वस्तातला उपाय केला. पंपाचं डिझेल वाढवून घेतलं. पिकअप जरा सुधारला, पण सायलेन्सरमधून काळा धूर, रेडिएटरला उकळी, आणि महिन्याभरात हेड गॅस्केट गेलं. आमचे मिस्त्री म्हणाले, "भाई, इंजिन डिझेलला नाही, हवेला भुकेलंय. चुलीत नुसती लाकडं कोंबून काय होणार? फुंकणी पाहिजे."

टर्बो म्हणजे ही फुंकणीच. इंजिनातून बाहेर जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा आत दाबतं. हवा जास्त, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं. पण जुन्या पिस्टनवर टर्बो चढवायला मिस्त्री तयार होईनात. त्यांनी त्याच घराण्यातलं टर्बोवालं अख्खं इंजिन शोधलं. सोबत मोठा रेडिएटर, नवी क्लच प्लेट. आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवण्यासाठी हेलपाटे मी घातले. डोक्यावर दुसरं कर्ज झालं.

पहिल्या खेपेला मीही केबिनमध्ये होतो. गाडी माल घेऊन तिसऱ्या गिअरवर खंबाटकी चढली. इंजिन ओरडत नव्हतं, सारखा गिअर बदलावा लागत नव्हता. भाईजान गुणगुणत होते.

मग उतार लागला. अब्बांची शिकवण होती, 'ज्या गिअरला चढ, त्याच गिअरला उतार.' भाईजाननी तिसराच ठेवला. दोन वळणं गेली आणि लायनरचा जळका वास आला. ब्रेक दाबूनही गाडी धरेना. भाईजान काही बोलले नाहीत. दोनदा क्लच दाबून, मध्ये रेस देऊन त्यांनी दुसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं, पण गाडी धरली. पायथ्याला थांबलो तेव्हा चाकांतून धूर येत होता आणि माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

मिस्त्रींना सांगितलं, तर ते आधी चिडले आणि मग म्हणाले, "ही गोष्ट मीच सांगायला हवी होती."

अब्बांचा नियम त्यांच्या इंजिनासाठी बरोबर होता. टर्बोची ताकद डिझेल जळतं तेव्हाची. उताराला पाय उचलला, की ती ताकद कामाची नाही. तिथे गाडी धरतात इंजिनाचा आकार आणि खालचा गिअर. तो आकार आमच्या जुन्या इंजिनाहून फारसा वेगळा नव्हता. ब्रेक तर जुनेच होते, आणि १२ टनही तेच होते.

त्या दिवसापासून घरातला नियम बदलला: चढलात त्याहून एक गिअर खाली उतरा. आता गाडी पुतण्या चालवतो. त्याच्या नव्या ट्रकला ताकद कितीतरी जास्त, शिवाय एक्झॉस्ट ब्रेक. तरी तो घाटाकडे निघाला की भाईजान फोनवर एवढंच विचारतात, "बेटा, उतरताना कितवा टाकणार?"