मोबाइलमध्ये टिपलेली चाल

सेरेब्रल पाल्सी झालेलं मूल गुडघे वाकवून चालतं तेव्हा मूळ दोष पोटरीत आहे की मांडीमागच्या आखडलेल्या स्नायूत, हे नुसत्या नजरेला ठरवणं अवघड. त्यासाठीच्या चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळा महागड्या, त्याही मोठ्या शहरांत. 2020 मध्ये मात्र स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या जिलेट रुग्णालयातल्या हजारावर रुग्णांच्या साध्या व्हिडिओंवरून चालण्याचा वेग आणि गुडघ्याचा कोन संगणकाला ओळखायला शिकवला. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत जातातच. वर्धा जिल्ह्यातल्या केळझरच्या अंगणवाडीत त्यांनी असा व्हिडिओ वेळोवेळी घेतला, तर सेवाग्रामच्या डॉक्टरांना पायाच्या पट्ट्याचा किंवा व्यायामाचा गुण आला की नाही हे आकड्यांत दिसेल. तिकडच्या मुलांवर शिकलेलं यंत्र इथे चुकणार नाही का? चुकू शकतं. म्हणून आधी इथल्याच मुलांवर ते पडताळावं, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.